घरच्या नाटकाला शेवटचीही घंटा हवी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गणपती तोंडावर आले आहेत आणि त्यांच्या मागोमाग दिवाळीची सुट्टी लागेल. घरोघरी बेडशीटचे पडदे टांगले जातील, ‘बाबा, इथे बस, मोबाइल ठेव’ असा हुकूम सुटेल आणि पाच वर्षांची राजकन्या जंगलात जी हरवेल ती पाऊण तास सापडायची नाही. कणीक मळून पडलेली, आजोबांची जेवणाआधीची गोळी राहिलेली, आणि नाटक काही संपत नाही. अशा प्रयोगांबद्दल पालकांची दोनच मतं ऐकू येतात. चारचौघांत ‘किती गोड!’ आणि एकमेकांत ‘डोकं उठवलं कार्ट्यांनी’.

आम्ही बालवाड्यांत आणि बालनाट्याच्या शिबिरांत काम करतो. आमच्या मते कंटाळा येतो याची लाज वाटून घेण्याचं कारण नाही, पण त्याचं खापर मुलांच्या नाटकावर फोडू नये. दोष मांडणीचा असतो. वेळ, बसण्याची जागा, पडदा, उजेड आणि प्रेक्षकांची वागणूक एवढं मोठ्यांनी सांभाळावं आणि गोष्टीला हात लावू नये. बहुतेक घरांत नेमकं उलटं चालतं. घड्याळाकडे कोणी बघत नाही आणि गोष्टीत मात्र प्रत्येक जण तोंड घालतो.

नाटक लांबतं का, ते आधी पाहू. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या लेखी नाटक आणि खेळ हे निराळे नसतात. खेळ संपला की जेवण, दात घासणं, झोप. मग तो संपवायचा कशाला? शिवाय या वयाची गोष्ट ‘आणि मग... आणि मग...’ अशी ओवली जाते. मण्यामागून मणी येतो, दोऱ्याला गाठ मारायची असते हे अजून ठाऊक नसतं. अशा मुलाला ‘आता संपव’ म्हटलं तर ते गोंधळतं, कारण संपवणं म्हणजे नक्की काय करायचं हेच त्याला माहीत नसतं. ते आणखी एक वाघ आणतं. तुम्ही दुसऱ्यांदा म्हणता, तो वाघ आजारी पडतो आणि डॉक्टर येतात.

मुलांची नाटकं कान देऊन ऐकली तर एक शब्द सारखा येताना दिसेल, तो म्हणजे ‘समजा’. ‘आता समजा रात्र झाली.’ ‘समजा तू मेलास.’ ‘नाही, समजा मला लागलंच नाही, मी खाली वाकलो.’ मोठ्यांना वाटतं ही तालीम चालली आहे, नाटक अजून सुरू व्हायचंय, म्हणून ते म्हणतात, ‘आधी ठरवून या, मग दाखवा.’ असं म्हणू नये. ते ‘समजा’ म्हणजेच नाटक आहे. दोन मुलं एकमेकांना पटवून एक जग उभं करतात, त्यात कोण मेलं आणि कोण वाचलं याची घासाघीस चालते, आणि त्या वयाला खरी गंमत या घासाघिशीत असते. ठरवून, पाठ करून आलेलं नाटक मोठ्यांना बरं वाटतं, पण मुलांच्या दृष्टीने ते तिथेच संपलेलं असतं. आपल्या कोकणातल्या दशावतारातही संवाद लिहिलेले नसतात. कथानक ठाऊक असतं आणि नट उभ्या उभ्या बोलतात. तिथे आपण दाद देतो, मग दिवाणखान्यात संहितेचा आग्रह कशाला?

आता वेळ. आमचा अनुभवाचा अंदाज असा की तीन-चार वर्षांच्या मुलाला दोन ते तीन मिनिटं पुरतात, पाच-सहाच्या मुलाला पाच, आणि सात ते नऊच्या दोन-तीन मुलांनी मिळून केलेलं नाटक दहा-बारा मिनिटं नीट चालतं. त्यापुढे गोष्ट फिरून फिरून भोपळे चौकात येते. मात्र ‘फक्त पाच मिनिटं हं’ असं मोठ्यांनी दटावून सांगितलं तर पहिल्या वाक्यापासून मुलाचं लक्ष आपल्या चेहऱ्याकडे जातं. ही मर्यादा मुलानेच घातलेली बरी, आणि त्यासाठी तिकीट ही उत्तम वस्तू आहे. वहीच्या पाठकोऱ्या कागदाचे आठ तुकडे करून द्यावेत. त्यावर नाटकाचं नाव, खुर्चीचा नंबर आणि वेळ लिहायला सांगावं, तीही ‘७.३०’ एवढीच नाही तर ‘७.३० ते ७.४०’ अशी. सात वर्षांचं मूल हे हौसेने लिहितं आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलेली वेळ पाळायलाही बघतं. तिकिटं करण्यात चाळीस मिनिटं जातात आणि नाटक चार मिनिटांत आटपतं, यावर पुष्कळ पालक वैतागतात. वैतागू नये. त्या चाळीस मिनिटांत तुमची भाजी होते.

घड्याळ न कळणाऱ्यांसाठी कुकर. भाताचा कुकर गॅसवर चढवावा आणि आधीच जाहीर करावं की तिसरी शिट्टी झाली की पडदा. कुकर आणि आच यांप्रमाणे दहाएक मिनिटं मिळतात. याचा फायदा असा की वेळ संपल्याचं सांगणारा आवाज आई-बाबांचा नसतो, त्यामुळे रागही त्यांच्यावर निघत नाही. गॅस बंद करायला एका प्रेक्षकाला उठावंच लागतं, आणि प्रेक्षक उठला म्हणजे नाटक संपलं ही खूण लहानातल्या लहानालाही पटते. मराठी नाटकाला सुरुवातीची तिसरी घंटा असते, घरच्या नाटकाला शेवटचीही लागते. सुरुवातीला स्टीलची वाटी आणि चमचा घेऊन तीन घंटा द्याव्यात. हे काम ज्याला नाटकात फारसं काम नाही त्याला द्यावं, तो ते जीव ओतून करतो.

शेवट सापडत नसलेल्या मुलांसाठी आपल्याच मातीत याहून सोपा उपाय आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे. सुट्या चित्रांचा एक गठ्ठा असतो, त्याला पोथी म्हणतात. कथेकरी एकेक चित्र समोर धरून गोष्ट सांगत जातो. घरी हेच करावं. पाठकोरे आठ कागद द्यावेत, प्रत्येकावर एक प्रसंग काढू द्यावा आणि मागच्या बाजूला १ ते ८ आकडे घालावेत. मुलाने सतरंजीवर बसून एकेक कागद उचलून धरायचा, बोलायचं आणि पालथा ठेवायचा. गठ्ठा संपला की गोष्ट संपली. कुणाला सांगावं लागत नाही, कारण उरलेल्या कागदांची जाडी मुलाला हातात कळते. यात चुकतं ते दोन ठिकाणी. कागद पातळ असला तर उजेडात मागचा आकडा आणि मागची रेघोटी उलटी दिसते, म्हणून जुन्या कॅलेंडरचे जाड कागद घ्यावेत. दुसरं म्हणजे मूल चित्र स्वतःकडे वळवून बोलतं आणि प्रेक्षकांना पाठ दिसते. चित्र छातीशी टेकवून धरायचं आणि बोटाने दाखवायचं, एवढं एकदा करून दाखवलं की पुरे. लाजाळू मुलांना हा प्रकार विशेष मानवतो, कारण सगळ्यांची नजर चेहऱ्यावरून कागदावर जाते.

पडद्याचं पुराण थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण निम्म्या घरांत प्रयोग तिथेच कोलमडतो. डबल बेडशीट साधारण ९० बाय १०० इंच असते आणि मुलांना नेमकी तीच हवी असते. ती नायलॉनच्या दोरीवर टाकली की दोरी मधोमध झोळते, मधून उघडायला गेलं की दोन्ही पल्ले गुंडाळले जातात, आणि कोणीतरी ओढलं की दोरी खिळ्यासकट खाली येते. दोरी कपाटाच्या मुठीला किंवा सुट्या रॅकला तर कधीच बांधू नये. मूल पडद्याला लोंबकळलं तर रॅक अंगावर येईल. खिडकीचे गज आणि दाराची बिजागरी एवढीच भरवशाची ठिकाणं. पण मुळात टांगायचा पडदा हवाच कशाला? आपल्याकडे अंतरपाट आहे. सिंगल बेडशीट ६० बाय ९० इंच असते. तिची लांबीकडून अर्धी घडी घातली की पाच फूट रुंद आणि पावणेचार फूट उंच पडदा मिळतो. पाच वर्षांचं मूल साधारण साडेतीन फूट उंच असतं, म्हणजे ते त्यामागे पुरतं झाकतं. दोन मुलांनी दोन टोकं धरायची आणि घंटा झाली की बाजूला व्हायचं. दुमडलेली कड वर धरावी. खाली ठेवली तर वरचे दोन पदर सुटे राहतात आणि एक घसरत जातो. हात वर धरून मिनिटभरात दुखू लागतात, त्यामुळे मध्यंतर आपोआप मिनिटभराचंच राहतं. याइतकी निर्दोष वेळयंत्रणा आम्ही दुसरी पाहिलेली नाही.

प्रेक्षकांनी सोफ्यावर बसू नये. सोफ्यावर बसलेल्या मोठ्या माणसाचे डोळे जमिनीपासून जवळजवळ चार फुटांवर असतात, म्हणजे अंतरपाटाच्याही वर. पडद्यामागची राक्षसाची तयारी त्याला आधीच दिसते, तो हसतो आणि राक्षस रडत बाहेर येतो. सतरंजीवर मांडी घातली की डोळे अडीच फुटांवर येतात, मुलं समोरासमोर दिसतात आणि ती मोठी वाटतात. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना खुर्ची द्यावी, पण ती मागे किंवा कडेला. रंगमंच म्हणून सतरंजीची कड किंवा फरशीच्या दोन ओळी सोडून खडूची रेघ, एवढं पुरतं. ही रेघ नसली की नाटक हळूहळू प्रेक्षकांच्या मांडीवर चढतं.

उजेडासाठी ट्यूब बंद करून एक टॉर्च प्रेक्षकांच्या मागे, उंचावर, तिरका लावावा. नटांच्या समोर, डोळ्यांच्या पातळीवर लावला तर मुलं डोळे मिचकावतात आणि पाठ फिरवतात. रंगीत जिलेटीन कागद टॉर्चवर रबराने बसवावा. घरातल्या दिव्याला तो गुंडाळू नये, जुन्या पिवळ्या बल्बला तर मुळीच नाही. कागद वितळतो आणि पेटूही शकतो. समई, मेणबत्ती, निरांजन रंगमंचावर नको. कापसाची दाढी आणि ओढणीचा शेला अंगावर असताना तर अजिबात नको.

सावल्यांचा खेळ करायचा तर दाराच्या चौकटीत एकेरी पांढरी चादर ताणून लावावी आणि मागे सहा फुटांवर मोबाइलचा दिवा ठेवावा. दिवा जितका बारीक तितकी सावली रेखीव. ट्यूबच्या उजेडात ती पसरट येते. मूल चादरीजवळ उभं राहिलं तर सावली त्याच्याएवढीच पडते, दिवा आणि चादर यांच्या बरोबर मधे आलं की दुप्पट होते. राक्षस कुठे उभा राहायचा आणि उंदीर कुठे, हे मुलं दोन मिनिटांत शोधून काढतात. पिंगुळीच्याच चामड्याच्या बाहुल्या पडद्यामागून नाचतात त्या याच हिशेबाने. चादर सैल राहिली तर वाऱ्याने नाक-कान हलतात, म्हणून खालची कड दोन जड पुस्तकांखाली दाबावी.

वेशभूषेत मुकुट सगळ्यात जास्त लागतो आणि सगळ्यात आधी फाटतो. पाच वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर ५० सेंटिमीटरच्या आसपास असतो. ए-फोर कागद २९.७ सेंटिमीटर लांब, त्यामुळे एका पट्टीत मुकुट बसत नाही आणि मुलं तो ताणून चिकटवतात. लांबीने कापलेल्या दोन पट्ट्या जोडल्या की प्रत्येक जोडाला दोन-तीन सेंटिमीटर सोडूनही घेर पुरतो. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद याला फार चांगला, वर सोनेरी वेलबुट्टी आयतीच. स्टेपलरच्या पिनांची टोकं बाहेरच्या बाजूला यावीत आणि त्यावर चिकटपट्टी लावावी, नाहीतर कपाळावर ओरखडे येतात. तलवार वर्तमानपत्राची. चार पानं एकावर एक ठेवून कोपऱ्यापासून तिरकी गुंडाळली आणि तीन ठिकाणी चिकटवली की होते. ती मारली तरी लागत नाही आणि तिसऱ्या लढाईत वाकते, युद्ध थांबवायला तेवढं कारण पुरतं. स्टीलची पट्टी, लाटणं, झाडूचा दांडा हे आधीच उचलून ठेवावं. आपल्या वर्तमानपत्राचा हा उपयोग संपादकांनी मनाला लावून घेऊ नये.

शेला किंवा झूल गळ्याशी गाठ मारून कधीच बांधू नये. दुसऱ्याने मागून टोक धरलं की फास बसतो. फ्रॉकच्या किंवा सदऱ्याच्या दोन्ही खांद्यांना केसांच्या क्लिपा लावून अडकवावा, म्हणजे ओढल्यावर सुटतो. साडी नेसवायची तर घोट्याच्या वर चार बोटं. म्हातारपणासाठी केसांना टाल्कम पावडर लावायची कल्पना सगळ्या घरांत सुचते. ती श्वासातून नाकात जाते, आणि फरशीवर सांडली की त्या फरशीवरून म्हातारी सरळ घसरते. त्यापेक्षा डोक्याला पांढरा पंचा गुंडाळावा. मिशा काजळाच्या. त्या पाण्याने पसरतात, म्हणून आधी खोबरेल तेलाने पुसाव्यात आणि मग साबण लावावा. मार्कर पेनाने काढलेली मिशी दुसऱ्या दिवशी शाळेतही जाते. पोस्टर कलर चेहऱ्याला नको. कागदी मुखवटा नाकाखाली कापलेला असावा. तोंड झाकणाऱ्या मुखवट्यात आवाज आतल्या आत राहतो आणि आधीच कमी समजणारं नाटक पूर्णच समजेनासं होतं. डोळ्यांची भोकं मुलं वाटाण्याएवढी पाडतात, ती रुपयाच्या नाण्याहून मोठी हवीत. नाहीतर वाघ टीपॉयवर आपटतो.

कराओकेचा ब्लूटूथ माइक अलीकडे घरोघरी आला आहे. घरच्या नाटकात तो आणू नये असं आमचं ठाम मत आहे. स्पीकरजवळ नेला की शिट्टी मारतो हे तर झालंच. पण माइक हातात आला की मूल नाटक सोडून निवेदक होतं आणि ‘तर मित्रहो’ सुरू होतं. शिवाय एक हात अडकल्यामुळे तलवार धरता येत नाही.

भावंडांच्या नाटकात धाकट्याचं दुखणं कायम असतं. आठ वर्षांची ताई लेखिका, दिग्दर्शिका आणि राणी. चार वर्षांचा भाऊ झाड. झाड दोन मिनिटं उभं राहतं आणि मग आईच्या मांडीवर येऊन बसतं. ताई चिडते, झाड रडतं. यात ताईला समजूतदारपणाचे डोस पाजून काही होत नाही. धाकट्याला एकदाच येऊन एकच गोष्ट करून जाण्याचं काम मिळायला हवं. वाघ होऊन डरकाळी फोडायची आणि पळायचं. राजाला पाणी आणून द्यायचं. तिकिटं फाडायची. बाकी वेळ तो अंतरपाटाचं टोक धरेल. चार जण शिवाजी महाराज व्हायला आणि मावळा व्हायला कोणी नाही, अशी वेळ आली तर चार प्रसंग आणि प्रत्येक प्रसंगात वेगळे महाराज. मुकुट एकच ठेवायचा, तो ज्याच्या डोक्यावर ते महाराज. भांडण जुंपलं तर न्यायनिवाडा करू नये, फक्त ‘पडदा!’ म्हणावं. भांडण पडद्यामागे चालू राहतं, पण धरणाऱ्यांचे हात दुखायला लागल्यावर ते लवकर मिटतं.

आता प्रेक्षकांचं. नाटकाचा बिघाड बऱ्याचदा याच बाजूने होतो. मूल गंभीरपणे मेलेलं असतं आणि आपल्याला हसू फुटतं. चार-पाच वर्षांच्या मुलाला हे हसू कौतुकाचं की चेष्टेचं हे ओळखता येत नाही, ते अपमानच समजतं. खोकावं, पाणी प्यावं, सतरंजीचा धागा काढावा. ते स्वतः हसलं तर मात्र मोकळेपणी हसावं. मूल मधेच अडखळलं तर वाक्य पुरवू नये. मनात दहा आकडे मोजावेत. तरी गाडी हलली नाही तर प्रेक्षकांतूनच, पण नाटकाच्या भाषेत विचारावं, ‘महाराज, आज दरबार भरणार नाही का?’ मूल राजा म्हणून उत्तर देतं. ‘अगं, ते वाक्य म्हण ना, काल म्हणत होतीस ते’ असं म्हटलं की राजा पळतो आणि घाबरलेलं मूल उरतं.

शेवटी नुसतं ‘छान’ म्हणू नये, त्यात काही पाहिल्याची खूण नसते. ‘वाघ आला तेव्हा तू दोन पावलं मागे सरकलीस, ते मला दिसलं’ एवढं एक वाक्य पुरेल. प्रश्न विचारायचा तर जपून. ‘मग त्या राक्षसाचं पुढे काय झालं?’ हा प्रश्न म्हणजे दुसऱ्या अंकाचं आमंत्रण असतं. संगीत नाटकांपासून चालत आलेला ‘वन्स मोअर’ही घरात तोंडातून काढू नये, तो तत्काळ मंजूर होतो. दुसरा प्रयोग करायचा तर दुसऱ्या दिवशी आणि नव्या प्रेक्षकांसाठी. तिसऱ्यांदा तेच नाटक बघायला सरळ नकार द्यावा. ‘आज मला काम आहे, उद्या साडेसातचं तिकीट दे’ असं सांगितलेलं मुलांना सहज चालतं. समोर बसून मोबाइलवर बोट फिरवणारा प्रेक्षक मात्र चालत नाही.

मोबाइलवरच आलो आहोत तर चित्रीकरणाबद्दलही सांगतो. प्रयोग चालू असताना रेकॉर्डिंग करू नये. कॅमेरा वर झाला की मूल सोबतच्या राक्षसाकडे बघणं सोडून आपल्याकडे बघतं, मधेच थांबून ‘दाखव’ म्हणतं आणि नाटक तिथेच मरतं. पुढच्या वेळी ते फोन वर होईपर्यंत सुरूच करत नाही. नमस्कार झाल्यावर एक फोटो काढावा. तो स्टेटसला ठेवण्याआधी शेजारच्या मुलांच्या आई-वडिलांना विचारावं. राक्षस बनियनवर असतो, हे विसरू नये.

या सगळ्याची उलटी बाजू म्हणजे पाहुण्यांसमोरचं ‘काकांना ती कविता म्हणून दाखव’. त्यात मुलाला काही दाखवायचं नसतं, आई-बाबांना मूल दाखवायचं असतं. मूल पडद्याच्या मागे जातं, काका घड्याळ बघतात, चहा निवतो. मुलाने आपण होऊन मांडलेलं नाटक सोसावं आणि मोठ्यांनी लादलेलं थांबवावं, इतकी सरळ रेघ आम्ही ओढतो. लहान मुलांना प्रेक्षकांसमोरच्या चौकटीत उभं करू नये, त्यांची तंद्री मोडते, असं ब्रिटनमधले बालनाट्याचे अभ्यासक पीटर स्लेड १९५० च्या दशकातच लिहून गेले. आपल्याकडे सुधा करमरकरांनी १९५९ साली मुंबईत लिटल थिएटर ही बालनाट्याची संस्था सुरू केली, त्यात मूल प्रेक्षक म्हणून महत्त्वाचं होतं. १९८६ पासून पुण्यात रुजलेल्या ग्रिप्स या मूळच्या जर्मन बालरंगभूमीच्या नाटकांत तर लहान मुलांच्या भूमिका मोठे नटच करतात. त्या लोकांनी मुलांना कंटाळा येऊ नये म्हणून जेवढा घाम गाळला, त्याच्या शतांशाने आपल्याला दहा मिनिटं मांडी घालून बसता यायला हवं.

सोसायट्यांच्या गणेशोत्सवातल्या बालगुणदर्शनाबद्दल एक व्यवहारी सूचना. तीस मुलं आणि प्रत्येकी तीन मिनिटं म्हणजे दीड तास. पण कार्यक्रम अडीच तास चालतो, कारण दोन मुलांच्या मधे दोन-दोन मिनिटं जातात. कुणाचं गाणं सापडत नाही, कुणाचा ब्लूटूथ जोडला जात नाही, गाण्याच्या मधेच बाबांना फोन येतो. सगळी गाणी आदल्या दिवशी एकाच पेन ड्राइव्हवर नंबर घालून क्रमाने घ्यावीत आणि पुढची दोन मुलं कायम बाजूला उभी करावीत. मधली वेळ अर्ध्या मिनिटावर आली की पाऊण तास वाचतो. सगळ्यात लहान मुलं सगळ्यात आधी. आठ वाजता पेंगणाऱ्या बाळाला नऊ वाजता फुलपाखरू करून उभं करण्यात कोणाचंच भलं नाही, आणि सूट नसलेल्या दिवशी रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करायचा असतोच.

हे गुणदर्शन बहुतेक ठिकाणी नृत्यवर्गात बसवलेल्या नाचांचं झालं आहे. मुलांनी स्वतः रचलेल्या नाटकाला त्यात जागा नसते आणि असावी असंही नाही. तो मंच फार उंच आणि फार गोंगाटाचा. म्हणून मंडळांना विनंती की त्या दहा दिवसांतली एक संध्याकाळ, पाच ते सहा, घरच्या नाटकांना द्यावी. मंचावर नको, मंडपाच्या एका कोपऱ्यात खाली. माइक नाही, परीक्षक नाहीत, बक्षिसं नाहीत. पाच घरांची पाच नाटकं, प्रत्येकी सात मिनिटं आणि मधे तीन-तीन मिनिटं धरली तर सत्तेचाळीस मिनिटांत आटोपतं आणि आरतीआधी मंडप मोकळा होतो. वेगळी वर्गणी लागत नाही. सतरंजी आणि घंटा मंडळाकडे असतातच. फक्त त्या दिवशी खुर्च्या मांडू नयेत.

आपले,
बालवाडी आणि बालनाट्य शिबिरांत काम करणारे काही शिक्षक, पुणे